मोराची पाठ

आषाढाच्या सरी पडून गेल्या की धारूरच्या घाटात बालाघाटाचे उघडेबोडके उतार सीताफळीच्या पोपटी पानांनी झाकले जातात आणि त्या झुडपांआडून मोराचा टाहो उठतो. हिमालयातल्या झगमगत्या मोनालाचा आणि सह्याद्रीतल्या रानकोंबड्याचा हा सगोत्र. आपल्या बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यातल्या नायगावला, १९९४ पासून त्याच्या नावाचे अभयारण्यच आहे.

नाचरा मोर आपण समोरून पाहतो, निदान चित्रांत तरी. रसिकाने तो एकदा पाठमोरा पाहावा. ज्या पिसाऱ्यावर आपण लुब्ध असतो तो त्याचे शेपूट नव्हेच. ती पाठीच्या मागच्या भागावर उगवलेली दीडशेहून अधिक लांबलचक पिसे. खरे शेपूट त्यांच्या मागे असते: वीस आखूड, ताठ, मातकट पिसे, नाटकाचा देखणा पडदा मागून पेलून धरणाऱ्या गड्यासारखी. मला तर ही मातकट बाजूच अधिक लोभस वाटते, कारण समोरचे सारे वैभव तोलले जाते ते तिच्यावर.

आता त्या वैभवातले एकच पीस घेऊ. मधोमध जांभळट काळा, बदामाच्या आकाराचा गाभा, त्याला बिलगलेले निळे-हिरवे वलय, मग कांस्यवर्णी, आणि कडेला सोनेरी हिरवट झाक. पण यातला निळा वा हिरवा कणभरही रंगद्रव्याचा नाही! आत आहेत कृष्णद्रव्याच्या अतिसूक्ष्म कांड्या, आणि त्यांच्यामधल्या अंतराने ठरते कोणता प्रकाश परतवायचा ते. पीस भिजवले की रंग मावळतात, हे इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने १६६५ मध्येच नोंदवून ठेवले होते. म्हणजे आपण पाहतो ती रंगलेली वस्तू नसते, ऊन आणि पीस यांच्यात त्या क्षणी जुळलेली मैत्री असते.

आणि मग ती थरथर. लांडोर जवळ आली की मोर सेकंदाला पंचवीसएक वेळा पिसारा थरकवतो, पिसांची सळसळ घुमते, सगळी हिरवाई लकाकून वाहू लागते. पिसांवरचे डोळे मात्र जागच्या जागी, जणू हवेत टांगलेले. त्या डोळ्यांतले तंतू सूक्ष्म आकड्यांनी एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात, म्हणून ते असे निश्चल भासतात. लांडोर बहुधा किडे टिपत राहते, हा भाग वेगळा.

पावसाळा सरता सरता हा पिसारा गळतो, रानात विखुरतो. वासुदेवाच्या उंच टोपीतली मोरपिसे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. आता तो दारी येऊन गिरकी घेईल तेव्हा उन्हाकडे वळताना त्यांचा हिरवा कुठे कांस्यवर्णी होतो, ते जरूर न्याहाळावे.