मराठीच्या कसोटीवर विंडोज आणि लिनक्स : एक तौलनिक अभ्यास

प्रस्तावना :
संगणकाची यंत्रसामग्री आणि वापरकर्ता यांच्यात दुवा साधणारी मूलभूत आज्ञावली म्हणजे कार्यप्रणाली होय. विंडोज, मॅक ओएस व लिनक्स या प्रमुख कार्यप्रणालींची तुलना बहुधा वेग, किंमत व सुरक्षितता या मुद्द्यांवर केली जाते. मराठीतून अध्यापन व लेखन करणाऱ्यांच्या दृष्टीने ही तुलना अपुरी आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य संपले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० हा सुरक्षा घटक व ठरावीक प्रोसेसर आवश्यक असल्याने सुस्थितीतील अनेक जुने संगणक अपात्र ठरतात. नवे संगणक घ्यावेत की जुन्यांवर लिनक्स बसवावे, हा प्रश्न त्यामुळे महाविद्यालयांपुढे उभा राहतो. मॅक ओएस अधिकृतपणे ॲपलच्याच यंत्रांवर चालत असल्याने येथे तिचा विचार केलेला नाही.

लिपीची कसोटी :
विंडोज २००० पासून देवनागरीला युनिकोडचे साहाय्य मिळाले. विंडोज एक्सपीमध्ये (२००१) मात्र ते वापरकर्त्याला स्वतंत्रपणे कार्यान्वित करावे लागे. तिच्यातील 'मंगल' टंकात 'ल' व 'श' ही अक्षरे हिंदी वळणाची होती. लिनक्सवरील 'लोहित' या मुक्त टंकसंचाने मराठी वळणाकडे लक्ष पुरविले. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत मिळाले. आज दोन्ही प्रणालींत इनस्क्रिप्ट कळफलक उपलब्ध असून 'दर्या' व 'दऱ्या' हा भेदही राखता येतो. लिपीपुरता विचार केल्यास विंडोजची अपरिहार्यता आता उरलेली नाही.

जुन्या मजकुराची कसोटी :
खरी अडचण युनिकोडपूर्व टंकांची आहे. या टंकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसविलेले असतात. करवीर तालुक्यातील 'गडमुडशिंगी' या गावाचे नाव उदाहरणादाखल घेता येईल. युनिकोडमध्ये 'शि' लिहिताना आधी 'श' व नंतर ऱ्हस्व वेलांटी साठविली जाते. जुन्या टंकांत सामान्यतः वेलांटी आधी येते आणि 'श' हा अर्धा 'श' व काना जोडून घडविलेला असतो. कागदावर नाव अचूक उमटते. तथापि संगणकाच्या लेखी ते गावाचे नाव नसून रोमन चिन्हांची मालिका असते. त्यामुळे युनिकोडमध्ये शोध घेतल्यास ते सापडत नाही व अकारविल्हे लावता येत नाही. हा दोष विंडोजचा नव्हे, तसा लिनक्सचाही नव्हे. मात्र अशा टंकांची लेखनसाधने व मुद्रणव्यवसायात रूढ झालेले पेजमेकर विंडोजशी निगडित असल्याने जुना मजकूर वापरकर्त्याला त्याच प्रणालीशी बांधून ठेवतो.

सवय आणि प्रशिक्षण :
पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेची 'बॉस' ही लिनक्सवर आधारित प्रणाली २००७ मध्ये उपलब्ध झाली. तीत मराठीची सोय आहे. तरीही एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमांतून बहुसंख्यांची संगणकाशी पहिली ओळख विंडोजद्वारेच झाली. वाणिज्य शाखेतील टॅलीही विंडोजसाठीच घडविलेली आहे. केरळमध्ये 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्पाने मुक्त प्रणालीला शिक्षकांचे प्रशिक्षण व पाठ्यसाहित्य यांची जोड दिली आणि ती शाळांत रुजली. केवळ प्रणाली उपलब्ध करून दिल्याने वापर वाढत नाही, हे या तुलनेतून स्पष्ट होते. लिनक्सचे पुरस्कर्ते परवानाशुल्काच्या बचतीवर भर देतात. प्रशिक्षण व देखभाल यांचा खर्च ते क्वचितच हिशेबात धरतात. 'मुक्त' याचा अर्थ 'विनाखर्च' असा नव्हे. विंडोजचे समर्थक, याउलट, सवयीलाच गुणवत्ता मानतात.

निष्कर्ष :
लेखन, सादरीकरण व आंतरजालाच्या वापरासाठी लिनक्स व लिबरऑफिस पुरेसे आहेत. जुन्या संगणकांचे आयुष्यही त्यामुळे वाढू शकते. टॅलीसारख्या विषयांसाठी काही संगणकांवर विंडोज ठेवणे व्यवहार्य ठरते. परंतु दोहोंपैकी कोणतीही निवड करण्यापूर्वी प्रश्नपत्रिका, प्रबंध व टिपणे युनिकोडमध्ये रूपांतरित करून ती काळजीपूर्वक तपासणे अगत्याचे आहे. ते न केल्यास कार्यप्रणाली बदलूनही परावलंबन कायम राहील. जतन केलेले मराठी लेखन पुढील पिढीला वाचता व शोधता यावे, हाच या निवडीचा अंतिम निकष असावयास हवा.