भेसळीची चाचणी : उत्तर मिळते, प्रश्न राहतो

अन्नातील भेसळ घरच्या घरी ओळखण्यासाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ‘डार्ट’ नावाची पुस्तिका काढली आहे. कृती सोप्या, साधने घरातली. पुष्कळ चाचण्यांना पेलाभर पाणी पुरते. प्रयोगशाळा नसलेल्या शाळेला ही मोठीच सोय होय. तरीही वर्गात ती जशीच्या तशी वापरू नये, असे आम्हांला वाटते.

हळदपुडीची चाचणी पाहा. चमचाभर पूड पाण्यात टाकायची. ती तळाशी बसून पाणी फिकट पिवळे राहिले तर हळद शुद्ध. पाणी गडद पिवळे झाले तर कृत्रिम रंग आहे. पण फिकट म्हणजे किती फिकट? शिवाय या रीतीने पाण्यात विरघळणारे रंगच सापडतात. लेड क्रोमेट हे शिशाचे पिवळे संयुग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पुडीबरोबर तेही तळाशी बसू शकते. बांगलादेशातील ग्रामीण गर्भवती स्त्रियांच्या रक्तातील शिशाचा माग २०१९ साली अशाच हळदीपर्यंत लागला होता. अखंड हळकुंडासाठी पुस्तिकेत वेगळी चाचणी आहे. परंतु पुडीच्या चाचणीने ‘शुद्ध’ ठरवलेली हळद निर्धोक असेलच असे नाही, हे विद्यार्थ्याला कळले पाहिजे.

मधाचेही तसेच. शुद्ध मधाचा थेंब पाण्यात पसरत नाही, असे पुस्तिका सांगते. मधात सुमारे ८० टक्के शर्कराच असते; थेंब पसरणे न पसरणे हे मुख्यतः दाटपणावर अवलंबून. साखरेचा घट्ट पाक करून तोही पाण्यात सोडावा, म्हणजे या कसोटीची मर्यादा मुलांना आपोआप दिसेल.

पुस्तिकेत उणीव आहे ती तुलनेच्या नमुन्याची. वाशीम जिल्ह्यातील शाळांना तो सहज मिळेल. रिसोड-मालेगाव भागात हळद पिकते. शेतकऱ्याच्या घरचे हळकुंड वर्गात कुटावे, विकतची पूड शेजारी ठेवावी, दोन्हींचे वजन व पाणी सारखे घ्यावे आणि मगच रंग पाहावा. येथून विज्ञान सुरू होते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. भेसळ हा पुस्तिकेचा विषय आहे, त्याबद्दल तिला दोष देता येणार नाही. पण आपण तेथेच थांबलो तर ‘भेसळ नाही म्हणजे चांगले’ असा समज मुलांच्या मनात रुजतो. बिस्किटाच्या पुड्यात भेसळ नसतेच. मैदा, साखर, तेल हे सारे उघडपणे छापलेले असते, तेही वजनाच्या उतरत्या क्रमाने. सोयाबीन पिकवणाऱ्या या जिल्ह्यातील मुलाच्या हाती असलेल्या पुड्यावर तेल अनेकदा पामचे असते. साखर मात्र ‘इन्व्हर्ट सिरप’, ‘लिक्विड ग्लुकोज’ अशा नावांत विभागली की यादीत खाली सरकते. आणि हा मजकूर इंग्रजी किंवा हिंदीत असला की कायद्याची अट पुरी होते, मराठी ऐच्छिक! मराठी शाळेतील मूल तो वाचणार कसा?

म्हणून शिक्षकांनी रिकामे पुडे जमवावेत, यादी मुलांकडून मराठीत उतरवून घ्यावी, साखरेची सारी नावे एकत्र मोजावीत. सोडियमच्या आकड्याला २.५ ने गुणले की मीठ किती ते कळते. भेसळ पकडणे हे निरीक्षकाचे काम आहे. आपण काय खातो ते जाणणे मात्र प्रत्येक मुलाला आलेच पाहिजे.