नमुन्यात कोण आलंच नाही?

मागच्या वेळी आपण गृहीतक कसं मांडायचं ते पाहिलं. आज नमुना-निवड. व्याख्या पुस्तकात आहेतच; आज आपण आपल्याच पट्ट्यातल्या अभ्यासांकडे जरा कठोरपणे पाहू.

पिंपरी-चिंचवड, चाकण भागात एमबीए करणाऱ्यांचा एक प्रकल्प आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे : ‘अमुक कंपनीतील कामगारांचे नोकरीविषयक समाधान’. शंभर फॉर्म, ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ असे पाच पर्याय. ही मोजपट्टी रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली मांडली. आकडे संगणकात जातात, क्रॉनबाखचा अल्फा ०.७ च्या वर येतो आणि निष्कर्ष निघतो : बहुसंख्य कामगार समाधानी.

गणित बरोबर असतं. चूक त्याआधीच झालेली असते. फॉर्म वाटले कुणी? एचआरने. कुणाला? कंपनीच्या पगारपत्रकावर असलेल्यांना. त्याच लाइनवर शेजारी उभा राहून तेच काम करणारा ठेकेदाराचा माणूस त्या यादीत नाही. यादीत नाही म्हणून नमुन्यात नाही, आणि नमुन्यात नाही म्हणून निष्कर्षातही नाही. बरं, त्याला फॉर्म दिलाच, तर ‘कंपनी माझी काळजी घेते’ या वाक्यातली कंपनी कुठली? कारखाना की ठेकेदार? उत्तरं एकमेकांशी जुळतात का, एवढंच अल्फा सांगतो. प्रश्न समजला का, हे तो सांगत नाही.

याच्या उलट उदाहरण पुण्याचंच आहे. रिचर्ड लॅम्बर्ट या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने इथल्या पाच कारखान्यांतल्या कामगारांचा अभ्यास केला. पुस्तक १९६३ साली आलं. कारखाना आला की माणसाचं जुनं सामाजिक जग मोडतं, हा तेव्हाचा लाडका सिद्धान्त. लॅम्बर्टने तो गृहीत धरला नाही, तपासला. एकाऐवजी पाच कारखाने घेतले, म्हणून तुलना करता आली. तो अभ्यास आज जसाच्या तसा उचलता येणार नाही. एमआयडीसी स्थापन झाली १९६२ मध्ये, कंत्राटी कामगारांचा कायदा आला १९७० मध्ये. आजचा चाकण त्या पुस्तकात असणं शक्यच नव्हतं. पण आपण घ्यायची ती वृत्ती.

कुणी म्हणेल, एचआरशिवाय गेटच्या आत सोडतं कोण? खरंय. मग गेटबाहेर थांबू या. शिफ्ट सुटताना चहाच्या टपरीवर, कामगार भाड्याने राहतात त्या खोल्यांवर. पर्मनंट, कंत्राटी, ट्रेनी असे वेगळे गट करून विचारू या. तेही जमलं नाही, तर निदान शीर्षक प्रामाणिक ठेवू : ‘अमुक कंपनीतील कायम कामगारांचे समाधान’.

हा एक शब्द मार्कांसाठी नाही. कॅन्टीन, बस, सुट्टी यांचे निर्णय असे अहवाल पुढे ठेवून झाले, तर त्या शब्दाअभावी कितीतरी माणसं परस्पर ‘समाधानी’ ठरतात.