हेन्री जयसेन : नटाची वाणी आणि सिंहली बोली

सिंहली नट, नाटककार व दिग्दर्शक हेन्री जयसेन (१९३१–२००९) यांचे नाव निघताच श्रीलंकेतील सामान्य प्रेक्षकाला ‘दू दरुवो’ या दूरचित्रवाणी मालिकेतील आजोबा, ‘सुदु सीया’, आठवतात. ही कीर्ती अनाठायी नाही. परंतु तिने त्यांचे मुख्य कार्य झाकले गेले आहे. साध्या बोलीला रंगभूमीवर मिळवून दिलेली प्रतिष्ठा हे ते कार्य होय.

सिंहलीत ग्रंथभाषा व बोली यांतील अंतर मराठीपेक्षा पुष्कळच मोठे आहे. ग्रंथभाषेत ‘मम यमि’ (मी जातो), ‘अपि यमु’ (आम्ही जातो) असे क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते. बोलीत दोन्ही ठिकाणी ‘यनवा’ हे एकच रूप येते. नटाने क्रियापद उच्चारताच पात्राची पातळी ठरून जाते. एदिरिवीर सरच्चंद्र यांच्या ‘मनमे’ने १९५६ साली नाडगम परंपरेतील गेय, अलंकृत वाणीचा आदर्श घालून दिला होता. त्या आदर्शापुढे नित्याच्या बोलण्याला नाट्यमूल्य आहे, हे दाखविणे सोपे नव्हते.

१९६३ साली जयसेनांनी ‘कुवेणि’ हे आख्यायिकेवरील नाटक रंगभूमीवर आणले. त्याच वर्षी लेस्टर जेम्स पीरिस यांच्या ‘गम्पेरळिय’ या चित्रपटात ते पियल झाले. प्रतिष्ठित घराण्याने नाकारलेल्या या शिक्षकाचे दुःख ते शब्दांपेक्षा संयमातून व्यक्त करतात.

त्यांच्या कलेची खरी कसोटी मात्र १९६७ सालच्या ‘हुणुवटये कताव’त लागली. ब्रेख्तच्या ‘कॉकेशियन चॉक सर्कल’चे हे त्यांनीच केलेले सिंहली रूपांतर. (‘हुणु’ म्हणजे चुना, दोन्ही शब्द ‘चूर्णा’चेच वंशज.) याच कृतीवरून पुढे चिं. त्र्यं. खानोलकरांनी मराठीत ‘अजब न्याय वर्तुळाचा’ लिहिले. न्यायाधीश बनलेल्या गावच्या लेखनिकाची, अझ्दकची, भूमिका जयसेनांनी स्वतःच केली; तेही एकेकाळी सार्वजनिक बांधकाम खात्यात कारकून होते. अझ्दक न्यायासनावर बसतो, परंतु त्याचा न्याय न्यायासनाच्या भाषेतला नसतो. ज्या समाजात अधिकार ग्रंथभाषेतून बोलतो, तेथे या विसंगतीला ब्रेख्तच्या मूळ जर्मन संहितेत नसलेली धार येते.

रूपांतरकार व नट एकच असल्यामुळे येथे संहिता आणि उच्चार यांची फारकत करता येत नाही. म्हणूनच जयसेनांची छापील नाटके केवळ वाङ्मय म्हणून अभ्यासणे अपुरे ठरते. ज्या वाणीसाठी ती वाक्ये घडविली गेली, तिचा विचार वगळला तर त्यांच्या कर्तृत्वाचा अर्धाच भाग हाती लागतो.