किनाऱ्याचे वर्णन आणि किनाऱ्याचे कारण

आपल्या प्रवासवर्णनांत समुद्रकिनारा आला की लेखणी एकदम मवाळ होते. वाळू 'रुपेरी', लाटा 'फेसाळ', सूर्यास्त 'अवर्णनीय'. आणि जे अवर्णनीय म्हटले त्याचेच पुढे पानभर वर्णन! असा किनारा कोठलाही असू शकतो, आणि हीच आमची मुख्य तक्रार आहे.

ही उणीव पारखावयाची तर प्रशांत महासागरातील हवाई बेट घ्यावे. पाच ज्वालामुखींनी रचलेल्या या एकाच बेटावर पांढरी, काळी व हिरवी अशी तीन रंगांची वाळू आढळते. हापूना येथील पांढरी वाळू म्हणजे प्रवाळ व शिंपले यांचा चुरा. ती जिवांनी घडविली. पुनालुऊची काळी वाळू तप्त लाव्हा समुद्रास भिडून फुटल्याने झाली. पापाकोलेआची हिरवी वाळू ऑलिव्हिन या खनिजाची. तेथे ज्वालामुखीचा एक जुना शंकू लाटांनी झिजत आला आहे; सुपात धान्य पाखडावे त्याप्रमाणे समुद्र हलके कण वाहून नेतो आणि जड ऑलिव्हिन मागे राहते. अशा ठिकाणी रंग सांगून कारण गाळणे म्हणजे अर्धेच सांगणे होय.

इझाबेला बर्ड या इंग्रज प्रवासिनीने १८७३ साली या द्वीपसमूहात काही महिने घालविले. तिचा ग्रंथ १८७५ साली निघाला. त्याच्या उपशीर्षकात ताडमाडांच्या राया, प्रवाळभिंती व ज्वालामुखी यांस मानाचे स्थान आहे. किनाऱ्यास मात्र नाही. वास्तविक प्रवाळ आणि ज्वालामुखी या दोहोंचा हिशेब मिळतो तो किनाऱ्यावरील वाळूतच. तरीही आमचे मत ग्रंथास अनुकूल आहे. घोड्यावरून हिंडून, मौना लोआचा माथा गाठून बाईंनी बहिणीस पत्रे लिहिली, त्यांचाच हा ग्रंथ. मुलखाबाहेर नोकरी करून घरी पत्रे धाडणाऱ्या आम्हां मंडळींस या रीतीचे मोल निराळे सांगावयास नको. घरच्या माणसास मजकूर डोळ्यांपुढे दिसावा लागतो. तो नुसता शोभून भागत नाही.

प्रश्न केवळ शैलीचा नाही. कालापानाजवळील काइमूचा काळा किनारा १९९० साली लाव्ह्याखाली गाडला गेला. २०१८ च्या उद्रेकाने पोहोइकी येथे नवा काळा किनारा निर्माण केला. काइमू पाहून जे त्यास 'रम्य' एवढेच म्हणून परतले असतील, त्यांच्या लेखनात त्याचे काय उरणार?

रत्नागिरीकरांनी आपल्या किनाऱ्यांस 'काळा समुद्र' व 'पांढरा समुद्र' अशी साधी नावे दिली आहेत. प्रवासलेखकांनी निदान तितके पाहावे, आणि मग तो रंग कशाने आला हे विचारावे. विशेषणांची निकड त्यानंतर फारशी भासणार नाही, असे आम्हांस वाटते.