मक्याची माणसे

माळशिरस तालुक्याच्या शिवारातून जाताना उसाच्या फडाला लागून मक्याचे पट्टे दिसतात. गुरांच्या वैरणीसाठी, कोंबड्यांच्या खाद्यासाठी आणि बाजारात घालण्यासाठी लावलेला हा मका आता इतका आपलासा झाला आहे, की तो परमुलखातून आला हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते. ज्वारी-बाजरीच्या ह्या प्रदेशात तो वास्तविक पाहुणाच. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी दक्षिण मेक्सिकोतील माणसांनी एका रानगवतापासून तो पिढ्यान्‌पिढ्या निवडीत घडविला, आणि कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर तो जगभर पसरला. धान्य आपण घेतले. त्या धान्याची कथा मात्र तिकडेच राहिली. ती कथा ज्या ग्रंथात आहे, त्या ‘पोपोल वुह’ विषयी येथे लिहावयाचे आहे. आणि त्यानिमित्ताने, दुसऱ्याच्या श्रद्धेचा ग्रंथ आपण ख्रिस्ती माणसांनी कसा वाचावा, ह्याविषयीही.

‘पोपोल वुह’ हा ग्वातेमालाच्या डोंगराळ भागातील किचे माया लोकांचा ग्रंथ. नावातील ‘पोप’ म्हणजे चटई. चटईवर बसून कारभार पाहणाऱ्या सभेचा ग्रंथ असा त्याचा अर्थ सांगतात. स्पॅनिश विजयानंतर, सोळाव्या शतकाच्या मध्यास, किचे सरदार घराण्यांतील लेखकांनी तो आपल्या भाषेत पण रोमन लिपीत लिहिला. आपली नावे त्यांनी दिली नाहीत. आपण ख्रिस्ती अमलाखाली लिहीत आहोत आणि जुना ग्रंथ आता पाहावयास मिळत नाही, एवढे मात्र त्यांनी आरंभीच नमूद केले आहे. त्यांचे ते लिखाणही पुढे नाहीसे झाले. आज उरली आहे ती एका धर्मगुरूच्या हातची प्रत. डोमिनिकन संघाचे फादर फ्रान्सिस्को हिमेनेस हे १७०१ ते १७०३ ह्या काळात चिचिकास्तेनांगो येथील धर्मग्रामात असताना त्यांनी ते हस्तलिखित मिळवून उतरून घेतले. एका रकान्यात किचे आणि शेजारच्या रकान्यात स्पॅनिश भाषांतर, अशी ही प्रत सध्या शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे. इंग्रजीतून वाचू इच्छिणाऱ्यास डेनिस टेडलॉक (१९८५) व अॅलन क्रिस्टेन्सन (२००३) ह्यांची भाषांतरे उपलब्ध आहेत. टेडलॉक ह्यांनी पंचांग सांगणाऱ्या एका किचे जाणकाराजवळ बसून अर्थ लावले, हा त्यांच्या भाषांतराचा विशेष.

ग्रंथाचा आरंभ शांततेने होतो. आकाश आहे आणि खाली निश्चल पाणी आहे. देव आपसांत बोलतात आणि त्या बोलण्याने भूमी वर येते. मग प्राणी होतात. पण त्यांना देवांचे नाव घेता येत नाही. मातीचा माणूस करून पाहतात, तो पाण्यात विरघळतो. लाकडाची माणसे करतात. ती चालतात, बोलतात, त्यांचा वंशही वाढतो, परंतु त्यांच्या ठायी हृदय नाही, आणि आपल्याला कोणी घडविले ह्याची आठवण नाही. त्यांच्यावर प्रलय येतो. पण केवळ आकाशातून येत नाही. घरातली मडकी, तवे, कुत्री, कोंबड्या, धान्य वाटण्याचे दगड हे सारे त्यांच्यावर उठतात. रोज तुम्ही आमच्यावर वाटलेत, आता आम्ही तुम्हाला वाटू, अशा अर्थाचे दगड बोलतात. उरल्यासुरल्यांची माकडे होतात. सर्वांत शेवटी पिवळा आणि पांढरा मका मिळतो. श्मुकाने ही आदिआजी तो नऊ वेळा वाटते आणि त्या पिठातून पहिल्या चार पुरुषांचे रक्तमांस तयार होते.

आमच्या मते लाकडी माणसांचा हा प्रसंग संपूर्ण ग्रंथातील सर्वांत सामर्थ्यशाली भाग आहे. कारण तेथे पापाची व्याख्या आहे, आणि ती घरगुती आहे. ज्याला देवाची आठवण नाही, तो हाताखालच्या मुक्या वस्तूंशीही निर्दय असतो, असे त्या कथाकाराने उपदेशाचा एक शब्द न उच्चारता सांगितले आहे. ज्या घरात पाटा-वरवंटा अजून वापरात आहे, तेथील गृहिणीला हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. मायांच्या स्त्रिया मका चुन्याच्या पाण्यात शिजवून अशाच दगडावर वाटीत आल्या आहेत.

दुसरे बलस्थान रचनेचे. लाकडी माणसे नष्ट झाल्यावर लगेच मक्याची माणसे येत नाहीत. मध्ये हुनाहपू आणि श्बालांके ह्या जुळ्या भावांची दीर्घ कथा येते. मृत्यूच्या अधिपतींच्या राज्यात, शिबाल्बात, ते उतरतात. अंधाराचे घर, थंडीचे घर, वाघांचे घर, अग्नीचे घर अशा कसोट्यांतून जातात, चेंडूचा खेळ खेळतात आणि अखेर स्वतःहून मरण पत्करतात. त्यांची हाडे पिठासारखी दळून नदीत टाकली जातात. पाचव्या दिवशी ते पुन्हा दिसतात आणि मृत्यूच्या अधिपतींनाच फसवून संपवितात. इकडे आजीच्या घरात त्यांनी लावून ठेवलेला मका ते मेले तेव्हा वाळतो आणि ते उठले तेव्हा पुन्हा फुटतो. प्रथमदर्शनी ही कथा विषयांतर वाटते. तसे ते नाही. बी भूमीच्या पोटात गेल्यावाचून पीक नाही. म्हणून मृत्यूचा पराभव झाल्याशिवाय मक्याचा माणूस घडू शकत नाही, हा त्या क्रमाचा अर्थ आहे.

येथे आपल्या वाचकांच्या मनात काय येईल ते आम्ही जाणतो, कारण आमच्याही मनात ते आले. आरंभीचे पाणी, शब्दाने झालेली सृष्टी, प्रलय, मरून उठलेले वीर. हे तर उत्पत्तीचे पुस्तक आणि शुभवर्तमान! मग दोन तर्क सुचतात. एक, ही बायबलची नक्कल असावी. दुसरा, ही सैतानाने केलेली थट्टा असावी. हिमेनेस ह्यांनाही ह्या कथांत सैतानाचा हात दिसला होता. पण नकलेचा तर्क आता टिकत नाही. ग्वातेमालाच्या अरण्यात सान बार्तोलो येथे २००१ साली सापडलेली भित्तिचित्रे ख्रिस्तजन्माच्या सुमारे शंभर वर्षे आधीची आहेत, आणि त्यांत मक्याचा देव रंगविलेला आहे. रोमन लिपीतील लेखकांवर मिशनऱ्यांच्या शिकवणीची छाया कोठे कोठे पडली असेल. परंतु कथेचा गाभा त्यांचा स्वतःचा आहे.

असाच एक तर्क आपल्या देशातही लोकप्रिय आहे. अमेरिका म्हणजे पाताळ, माया म्हणजे आपला मयासुर, आणि तेथील मंदिरे बांधली ती आपल्याच पूर्वजांनी. चमनलाल ह्यांचे ‘हिंदू अमेरिका’ हे पुस्तक १९४० साली निघाले, आणि तेव्हापासून हे मत हातोहात फिरत आले आहे. ‘पोपोल वुह’ १८६१ साली पॅरिसला फ्रेंचमध्ये प्रसिद्ध करणारे धर्मगुरू ब्रास्यर द बुरबुर हेदेखील पुढे मायांचा संबंध बुडालेल्या अटलांटिस खंडाशी जोडीत बसले. ह्या मतांत पुरावा नाही, पण त्याहून मोठा दोष दुसरा आहे. मायांनी जे स्वतःच्या बुद्धीने घडविले, त्याचे श्रेय त्यांच्याकडून काढून घेतले जाते. आपल्याकडील ख्रिस्ती माणसाला ‘तुमचे सारे बाहेरून आले, तुमचे स्वतःचे असे काय आहे?’ हा प्रश्न पुष्कळदा ऐकावा लागतो. त्याने तरी हा अन्याय दुसऱ्यावर करू नये.

ओळखीचे करून टाकणे ही न वाचण्याची एक रीत. जाळून टाकणे ही दुसरी. ती आपल्याच इतिहासातील आहे आणि ती लपविण्यात अर्थ नाही. १२ जुलै १५६२ रोजी युकातानमधील मानी ह्या गावी फ्रान्सिस्कन संघाचे प्रांताधिकारी दिएगो दे लांदा ह्यांनी मूर्तींबरोबर मायांचे चित्रलिपीतील ग्रंथ अग्नीत घातले. त्यांत सैतानाच्या असत्याखेरीज काही नव्हते आणि ते जळताना लोकांना अतोनात दुःख झाले, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. त्याच वर्षी तेथे आलेले महागुरुस्वामी फ्रान्सिस्को दे तोराल ह्यांनी लांदांची चौकशीसत्रे थांबविली आणि बंदिवानांना सोडले, हेही सांगितले पाहिजे. लांदांना स्पेनमध्ये जाब द्यावा लागला; पुढे ते निर्दोष ठरून त्याच प्रदेशाचे महागुरू झाले. मायांचे असे ग्रंथ आज जगात केवळ चार उरले आहेत. आणि दैवाचा खेळ असा, की लांदांनी आपल्या पुस्तकात माया अक्षरांची जी तुटपुंजी नोंद ठेवली, तिच्याच आधारे १९५२ साली युरी क्नोरोझोव ह्या रशियन संशोधकाने त्या लिपीच्या वाचनाची वाट उघडली. ज्या हाताने जाळले, त्याच हाताने किल्ली ठेवली.

ह्याचा अर्थ सर्व काही डोळे झाकून स्वीकारावे असा नाही. ‘पोपोल वुह’च्या उत्तरार्धात तोहिल नावाचा देव अग्नीच्या मोबदल्यात माणसांची छाती मागतो, आणि टोळ्या ते कबूल करतात. नरबलीचे हे समर्थन आम्ही रूपक म्हणून सौम्य करू इच्छीत नाही. तथापि ते कोठून येते हे ग्रंथच सांगतो. माणूस ज्या धान्याने घडला ते देवांनी दिले. म्हणून माणूस जन्मतःच ऋणी आहे आणि ऋण रक्ताने फेडावयाचे आहे. आपल्या वेदीवर ह्याच्या नेमके उलट घडते. तेथे देव स्वतः भाकर होतो आणि परतफेड मागत नाही. हा भेद आम्हाला ‘पोपोल वुह’ नीट वाचल्यामुळे अधिक स्पष्ट झाला; त्याला बायबलसारखा मानला असता किंवा न वाचताच धिक्कारला असता, तर झाला नसता.

आपल्या भूमीतही हे दोन्ही घडले आहे. सोळाव्या शतकात गोव्याच्या साष्टीत मंदिरे पाडली गेली. आणि त्याच शतकात येशूसंघीयांनी रामायण-महाभारतातील कथा कोकणी व मराठीत, रोमन लिपीत उतरवून घेतल्या. ती हस्तलिखिते आज पोर्तुगालमधील ब्रागा येथे आहेत. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी १६१६ साली छापलेले ‘क्रिस्तपुराण’ ओवीत उभे राहिले, ते ओवी आधी कान देऊन ऐकली म्हणून. अलीकडच्या काळात फ्रान्सहून पुण्यास येऊन राहिलेले गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर ह्यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. किचेंच्या कथेत वाटणारा दगड बाईविरुद्ध बोलतो. आपल्याकडे बाई जात्याला सखा मानून त्याच्याशी बोलते. हा फरकही मोलाचा आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली अन्य धर्मांविषयीच्या आपल्या घोषणेत म्हटले, की त्या धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातील काहीही ख्रिस्तसभा नाकारीत नाही. हे वाक्य मान्य करणे सोपे आहे. पण सत्य काय ते नाकारायचे नसेल, तर आधी ते वाचावे लागते, आणि वाचण्यास श्रम पडतात. वेळापूरच्या अर्धनारीनटेश्वराच्या मंदिरापाशी वीरगळ आहेत. आषाढात माउलींची पालखी त्या गावी मुक्काम करते, हजारो माणसे जवळून जातात. वीरगळ वरून खाली पाहिला तर ती नुसती गर्दी वाटते. खालून वर वाचला तर लढाई, मरण, स्वर्गारोहण आणि शिवपूजा अशी एका माणसाची कथा उलगडते. दगड तोच, वाचण्याची रीत ठाऊक असली पाहिजे.

माळशिरससारख्या ठिकाणी आपली कुटुंबे थोडी आहेत. मुले शेजाऱ्यांच्या देवळापाशी थबकतात आणि ‘हे पाहिलेले चालते का?’ असे घरी विचारतात. त्यांना आमचे उत्तर असे, की अवश्य पाहा, नीट पाहा, आणि ते कोणाचे आहे हे त्यांनाच विचारा. आपल्या क्रुसाकडे इतरांनी ह्याच रीतीने पाहावे, अशी आपली अपेक्षा असते ना? मग आरंभ आपल्याकडून व्हावा.