दीक्षित आहारपद्धती : लोकप्रिय आरोग्यलेखन
लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेले जगन्नाथ दीक्षित यांनी श्रीकांत जिचकार (मृ. २००४) यांचा आहारविचार पुस्तकरूपाने सर्वसामान्यांपर्यंत नेला. भूक लागल्यावर, दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवावे व ४५ मिनिटांत ४·५ किमी. चालावे, हे त्याचे सूत्र. प्रत्येक खाण्याबरोबर इन्शुलिन स्रवते, म्हणून खाण्याच्या वेळा कमी कराव्यात, ही त्यामागील उपपत्ती. उष्मांकांचा हिशेब वा महागडे पदार्थ यांची गरज नसणे, हे या लेखनाचे बळ होय. मात्र अनुभवकथने कितीही पटली, तरी ती नियंत्रित चाचण्यांची जागा घेऊ शकत नाहीत. अठरा वर्षांखालील व्यक्ती व गर्भवती यांना ही पद्धती वर्ज्य आहे. इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेह्याने वैद्यकीय देखरेखीविना जेवण वगळल्यास रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत घटू शकते. सूत्र तोंडपाठ होते, अपवाद विसरले जातात. अशा सुबोध लेखनाची मर्यादा येथेच आढळते.